सावली धरून चला, हे तंजावर आहे

भाजले ना पाय? भाजणारच. वैशाखातल्या तंजावरात भर सकाळी अनवाणी उतरलं की दुसरं काय होणार! तुमच्या वहाणा मीच मागे ठेवून घेतल्या. त्या रबरी तळव्यांकडे पाहत अर्धा बाजार गोळा झाला असता. अंगावर धोतर आहे, खांद्यावर उपरणं आहे. बाईमाणूस असाल तर नऊवारी आहे. सारखं चाचपून बघू नका, सुटत नाही. साल १८२७ च्या आसपासचं धरा. नेमकं विचारायला जाल तर घोळ होईल. कोटाच्या दारावरचा मराठा शिपाई शक सांगेल, पलीकडचा तमिळ जोशी साठ संवत्सरांपैकी एकाचं नाव घेईल आणि रेसिडेंटसाहेबाचा मुन्शी इसवी सन. तिघांचंही बरोबर असेल.

आपण पूर्वेच्या दारातून आत शिरतो आहोत. डावीउजवीकडे कोटाची भिंत, तिच्या पायथ्याशी खंदक, खंदकात पाण्यापेक्षा गाळ जास्त आणि गाळात डोळ्यांपर्यंत रुतलेल्या म्हशी. वास येतोय तो त्या गाळाचा, ओल्या पेंढ्याचा आणि समोरच्या गाडीत भरलेल्या सुक्या मासळीचा. नाकाला उपरणं लावू नका, इथे कुणीच लावत नाही. गाडीमागे गाडी लागली आहे. भाताची पोती, मीठ, नारळ, विड्याच्या पानांच्या ओल्या टोपल्या. बैलांच्या गळ्यातल्या घंटा एका सुरात नाहीत आणि गाडीवानांच्या शिव्याही एका भाषेत नाहीत. “वळी विडु! वळी विडु!” असं ओरडत पालखीचे भोई धावत येतायत. अर्थ कळला नाही तरी बाजूला व्हा. भोई थांबत नसतात.

भिंतीला टेकलात तर वर बुरुजावर बघा. ती लांबलचक काळी वस्तू म्हणजे तोफ. नायक राजांच्या वेळची, साधारण २५ फूट लांब. ओतलेली नाही, लोखंडाच्या पट्ट्या एकमेकींना लावून, वर तापलेल्या कड्या चढवून, ठोकून ठोकून बनवलेली. दुपारी तिला हात लावला तर फोड येईल. तिच्या सावलीत एक पोरगा शेळ्या घेऊन बसला आहे. या घडीला तोफेचा तेवढाच उपयोग आहे आणि त्यात या गावाची बरीचशी गोष्ट आली.

ती थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा राजकारणात शिरायला नको. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी इथे येऊन गादीवर बसले, त्याला दीडशे वर्षं झाली. आताचे राजे दुसरे सरफोजी. १७९९ च्या तहानं मुलूख इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. राजांकडे राहिला हा कोट, राजवाडा आणि ठरलेली नेमणूक. आता विचार करा, ज्याला फौज पाळायची नाही, सारा वसूल करायचा नाही, स्वारीवर जायचं नाही, तो राजा दिवसभर करतो काय? त्याचंच उत्तर बघायला तुम्हाला इथे आणलं आहे.

पण आधी घसा ओला करा. तो म्हातारा ताडगोळे सोलतोय, त्याच्यापुढे उकिडवे बसा. कोयत्याचे तीन घाव, आणि आतून तो गार, थरथरता गर. अंगठ्यानं खरवडून तोंडात टाका, पाणी हनुवटीवरून ओघळू द्या. पैसे? तुमच्या कनवटीला मी थोडे पणम बांधले आहेत. इथले हिशोब चक्रम आणि पणममध्ये चालतात. मोठं नाणं काढू नका, म्हाताऱ्याकडे मोड नाही आणि तो तसं सांगणारही नाही. शेजारी पाणपोई आहे. तिथे गूळ, सुंठ, वेलची घातलेलं पाणक फुकट मिळतं. एवढं मात्र लक्षात ठेवा, कॉफी मागू नका. पितळी डबऱ्यातली फेसाळ कॉफी या गावाला लागायला अजून बराच अवकाश आहे.

तेवढ्यात मागून आवाज येतो. “कोठून आलांत?”

वळून बघता तर डोक्याला पागोटं, कानावर बोरू, काखेत लाल फडक्यात बांधलेली कागदांची गठडी. राजवाड्यातला कारकून. गल्लीत त्याला ‘रायर’ म्हणतात, आणि गल्लीतल्या निम्म्या पुरुषांना रायरच म्हणतात. त्याचं मराठी तुम्हाला शब्दन् शब्द कळतंय, फक्त त्याची चाल निराळी आहे. वाक्याचा शेवट वर जातो, तमिळसारखा. तुम्ही “पुण्याहून” म्हणालात की त्याचा चेहरा उजळतो आणि पुढच्या क्षणी थोडा सावध होतो. पुण्याचं माणूस इथे पाहुणा म्हणून चालतं, पण ते आलं की आमचं मराठी कसं चुकतं हे सांगू लागतं, असा अनुभव दीडशे वर्षांत गाठीला असणार. तोंड आवरा. त्यानं तुम्हाला जेवायला बोलावलं आहे. जेवणाला मात्र वेळ आहे, तोवर तो राजवाडा दाखवणार.

चला. पूर्वेच्या राजवीथीनं जाताना भिंतीची सावली धरा. पावलागणिक भाषा बदलते, ती ऐकत चला. फुलवाली तमिळमध्ये भांडते आहे. तिच्या पाटीत जाई, अबोली आणि दवणा एकत्र गुंफलेला कदंब आहे. त्याचा वास मासळीला पार पुरून उरतो. रेशीम विणणारे आपसात सौराष्ट्री बोलतात. सोन्याच्या वर्खाची चित्रं काढणारे राजू तेलुगू बोलतात. घोड्याचा मोतद्दार दखनीत घोड्याला समजावतोय. आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक बाई खास मराठीत पोराला बदडते आहे. कुणालाच याचं काही वाटत नाही. रायरनं आत्ता फुलवालीशी तमिळमध्ये घासाघीस केली, मोतद्दाराला दखनीत कोपरखळी मारली आणि तुमच्याकडे वळून मराठीत म्हणाला, “चला की.” मधे श्वासही घेतला नाही.

राजवाड्यात शिरलात की आधी डोळ्यांपुढे अंधारी येते. उन्हातून एकदम जाड भिंतींच्या गारव्यात आलात ना, थांबा जरा. चुन्याच्या घोटीव खांबाला पाठ लावा. किती गार! या पांढऱ्या खांबांत शंख-चुना इतका घोटलेला आहे की गुळगुळीतपणावर बोट ठरत नाही. वर कुठेतरी पारवे घुमतायत. आणि हा वास? हा कशाचा, ओळखा. वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी, कापूर यांच्या पुरचुंड्या, आणि ताडपत्रांना चोळलेलं गवती चहाचं तेल. आपण सरस्वती महालात आलो आहोत.

कपाटांमागे कपाटं. लाकडी फळ्यांमध्ये दाबून सुतळीनं आवळलेली ताडपत्रं, फडक्यात बांधलेल्या पोथ्या. संस्कृत सर्वांत जास्त. मग तमिळ, मराठी, तेलुगू. आज मोजाल तर हस्तलिखितं तीस हजारांच्या वर भरतात. राजे काही वर्षांपूर्वी मोठा लवाजमा घेऊन काशीला जाऊन आले, तिथूनही पोथ्या आणल्या. दुसऱ्या बाजूला इंग्रजी पुस्तकं, कातडी बांधणीची, आणि पहिल्या पानावर राजांची इंग्रजीत सही. ती बारीक नेटकी अक्षरं त्यांना श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीत लागली. लहानपणी गादीवरून बाजूला सारलेल्या या मुलाला त्या पाद्र्यानं जपलं, शिकवलं. तो गेला तेव्हा राजांनी त्याच्यासाठी लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं, ते इथल्या चर्चमध्ये आहे: पाद्री मरणशय्येवर आणि राजा त्याचा हात धरून उभा.

रायर एक पातळसं पुस्तक तुमच्या हातात देतो. उघडा. छापील देवनागरी! ‘बालबोध मुक्तावली’, म्हणजे इसापच्या गोष्टी मराठीत, इथे तंजावरातच राजांच्या छापखान्यात १८०६ साली छापलेल्या. टाइप जरासा हललेला, शाई कुठे दाट कुठे फिकी. मुंबईत बाळशास्त्र्यांचं ‘दर्पण’ निघायला अजून पाच वर्षं आहेत, आणि इथल्या पोरांनी कोल्ह्याची आणि कावळ्याची गोष्ट छापील मराठीत केव्हाच वाचून संपवली आहे. पुण्याहून आल्याचं जरा हळू आवाजात सांगायला हवं होतं, नाही?

पुढच्या दालनात हात खिशात ठेवा, म्हणजे खिसे असते तर ठेवा म्हटलं असतं. इथे हवा ओढून घेणारा पंप आहे, विजेचं यंत्र आहे, दुर्बिणी आहेत, माणसाचा कोरीव सांगाडा आहे. खऱ्या हाडांना शिवायचं नाही म्हणून कोरून घेतलेला, पण बरगडीन् बरगडी जागच्या जागी. तुमच्यासमोर एक पोक्त भटजी तोंडानं पुटपुटत त्याला वळसा घालून जातात. विजेच्या यंत्राला मात्र ते हौसेनं हात लावून बघतात.

आणि मग मोडीचं दफ्तर. इथे बोलायचं नाही. दहा-बारा कारकून मांडी घालून बसलेत, पुढे उतरती डेस्कं, बोरूंची कुरकुर एकसारखी चालू आहे. शाई ओली असतानाच वर बारीक वाळू टाकतात, कागद झटकतात, की पुढचा कागद. रायरच्या खांद्यावरून डोकावून बघा. मोडी येत नाही? मग मी सांगतो. अमक्या खात्याला दिव्याचं तेल, पक्ष्यांना दाणा, घोड्याचं औषध, गवयाला शाल. असा एकही पैसा राजवाड्यातून हलत नाही ज्याच्यामागे मोडीत ओळ पडत नाही. ओळी लिहून झाल्या की कागद फडक्यात बांधायचे, झाला रुमाल. हे रुमाल तुमच्या काळापर्यंत पोचणार आहेत, कागद लाखांनी, आणि ते घडाघडा वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. वाटल्यास परत गेल्यावर शिका. मी आग्रह करत नाही.

जेवणाआधी आणखी एकच जागा. धन्वंतरी महाल. इथे आवाज खाली येतात आणि काढ्याचा कडवट वास घशात बसतो. आवारात औषधी झाडं, ओसरीत वैद्य, एका खोलीत हकीम, आणि गोऱ्या डॉक्टरचीही ये-जा. भिंतीशी ओळीनं माणसं बसली आहेत, बहुतेकांच्या एका डोळ्यावर पट्टी. खेड्यातून आलेली, शेतावर रापलेली. इथे राहायचं, औषध घ्यायचं आणि खर्चायलाही वाड्यातून मिळायचं.

त्या खिडकीपाशी बघा. एक म्हातारी उजेडाकडे तोंड करून बसली आहे. तिच्यासमोर हातभर अंतरावर चितारी. तोही मांडी घालून, गुडघ्यावर कागद. तो तिचं चित्र काढत नाहीये, फक्त डोळा काढतोय. आधी बदामाच्या आकाराची रेघ, मग पापणीच्या कडेची लाली, मग बुबुळावरचा दुधाळ ठिपका. एवढ्या ठिपक्यासाठी त्यानं तीनदा कुंचला धुतला. म्हातारीच्या डोळ्यातून पाणी येतंय, ती पुसायला हात नेते आणि चितारी तमिळमध्ये हळूच म्हणतो, हलू नको आई. शेजारी एक जण इंग्रजीत लिहून घेतो: वय, दुखणं कधीपासून, काय उपाय केला. उपचारानंतर हाच डोळा पुन्हा रंगवायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे.

कुणीतरी मागून आलंय. वळू नका एकदम. शुभ्र पोशाख, बहिरी ससाण्यासारखं नाक, झुपकेदार करड्या मिशा. हेच राजे. गेल्याच वर्षी इथे येऊन गेलेला कलकत्त्याचा बिशप हेबर त्यांच्याशी बोलून थक्क झाला होता. लावाझिए आणि लिनियस यांची नावं हे सहज घेतात आणि शेक्सपिअरवर स्वतःचं मत ठेवून असतात. राजे स्वतः मोतीबिंदू काढतात असं गाव अभिमानानं सांगतं. आत्ता मात्र ते काही कापत नाहीयेत. चितारीच्या कागदावर वाकून बघतायत, मग म्हातारीच्या डोळ्यात, मग परत कागदावर. ठिपका अजून थोडा डावीकडे हवा, असं बोटानं दाखवतात. चितारी चौथ्यांदा कुंचला धुतो.

आता मात्र भूक लागली असेल.

रायरचं घर पश्चिमेच्या राजवीथीला लागून. बाहेर उंच ओटा, आत लाकडी खांब, मधे उघडा चौक आणि चौकाच्या कडेला झोपाळा. पाय धुवा. तांब्यातलं पाणी भाजलेल्या तळव्यांवर पडलं की तोंडातून जो उसासा निघतो त्याला घरातली पोरं हसतात. हसू द्या. केळीचं पान मांडलं आहे. पंगतीत पुरुष आधी, बायका मागून, हे विचारायचीही सोय नाही. सोवळ्यातल्या आजी वाढणाऱ्या सुनांवर नजर ठेवून उंबऱ्याशी बसल्या आहेत.

कोशिंबिरीच्या जागी डांगर पचडी येते. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं, वरून मोहरी-हिंगाची चुरचुरती फोडणी. खा, ओळखीचं लागेल. मग वांग्याचं रसवांगी: चिंच, डाळ, वाटलेला मसाला, ओलं खोबरं. वांगं तुमचं, खोबऱ्याचा हात त्यांचा. मग भात. तूप. पुन्हा भात, त्यावर सांबार. पुन्हा भात, त्यावर पातळ रसम्, जे पानावरून पळतं आणि तुम्ही तळहातानं बांध घालत बसता. शेजारचं सहा वर्षांचं पोर एक थेंब न सांडता ते ओरपतं. तुम्ही मनात पोळीची वाट बघताय ना? येणार नाही. पोळी सणाला, पुरणाची. पुन्हा भात, दही घालून, कैरीच्या लोणच्याशी. चौथ्या भाताला हात आडवा धरलात की उंबऱ्यातून आवाज येतो, “अहो पुणेकर, दोन दिवस जेवला नाहीत वाटतं घरी, सवय मोडली की काय?” खास आपल्याकडचा आजीबाईंचा टोमणा, फक्त तमिळ चालीवर. भात घ्यावाच लागतो.

आणि हो, सांबार संभाजीराजांच्या पाहुणचारात इथल्या मुदपाकखान्यात जन्माला आलं, ही गोष्ट तुमच्या ओठांवर आली असेल. गोष्ट चविष्ट आहे. इतिहास म्हणून पानात वाढू नका एवढंच.

जेवणावर विडा आणि विड्यावर झोप. या वेळी तंजावरात कावळासुद्धा काही करत नाही. झोपाळ्याच्या कड्या किरकिरतात, पंखा हलवणारं पोर स्वतःच पेंगतं, चौकातल्या उन्हाचा चौकोन हळूहळू भिंतीवर चढतो. घाम मानेखालून चटईत मुरतो. माश्या आहेत. त्यांचं काही करता येत नाही.

जाग येते ती खट्, खट्, खट् अशा आवाजानं. शेजारच्या घरात कुणी लाकडावर लाकूड आपटतंय, त्यावर घुंगरांची पावलं पडतायत. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चौघा भावांची ही गल्ली. मुलींकडून एकेक पाऊल शंभरदा करून घेतात. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम तुम्ही पुण्या-मुंबईच्या भरतनाट्यमच्या अरंगेत्रममध्ये बघता, तो हे चौघं इथे बसवतायत. धाकटा वडिवेलू जेमतेम सतरा वर्षांचा, आणि त्याच्या हातात व्हायोलिन आहे. साहेबाचं वाद्य त्यानं मांडी घालून, छाती आणि घोट्याच्या मधे अडकवून धरलंय आणि त्यातून गळ्यातल्यासारखी मींड काढतोय. खिडकीत एक-दोन म्हातारे तोंड वाकडं करून ऐकतायत. पण ऐकतायत.

उन्हं उतरली म्हणेपर्यंत देवळाकडे निघू. उतरली म्हणजे आकाशातून. दगडातून उतरायला रात्र व्हावी लागते. दोन गोपुरांखालून आत आलात की समोर अंगण पसरतं आणि पलीकडे बृहदीश्वराचं विमान, दोनशे फुटांहून उंच, राजराज चोळानं १०१० साली पुरं केलेलं. मान मोडेपर्यंत बघा, पण पाय उचलत राहा. ग्रॅनाइटनं दिवसभराचं ऊन गिळून ठेवलं आहे. या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही, असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगितलं असेल. तुम्ही आत्ता तिच्यातच उभे आहात. आजूबाजूचे सगळे शहाणे तिच्यातच उभे आहेत.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मी तुम्हाला इतकं सहज आत आणलं, ते तुमच्या धोतराच्या भरवशावर. कोटाबाहेरच्या चेरीतला, म्हणजे अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीतला, माणूस या दारापर्यंतही येऊ शकत नाही. ही दारं उघडायला १९३९ साल उजाडावं लागेल, आणि ती उघडणाराही याच घराण्यातला विश्वस्त असेल. शंभराहून जास्त वर्षं.

नैर्ऋत्येच्या ओवरीकडे चला, सावली तिथेही आहे. भिंतीवर बघा. वाचता येतंय? सावकाश. देवनागरी अक्षरं, दगडात खोदलेली, ओळीखाली ओळ, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर. भोसल्यांच्या वंशाची बखर, मराठीत. चिटणीस बाबूरावांनी लिहिली आणि १८०३ मध्ये इथे कोरली गेली. चोळांच्या देवळात, जिथे बाकी सगळीकडे तमिळ अक्षरांचं रान आहे, तिथे तुम्ही एकदम वेरूळ, जिजाऊ, शहाजी, शिवाजी अशी नावं वाचू लागता. बोट फिरवा, कडा अजून टोकदार आहेत. मला विचाराल तर ही बखर वाचण्यापेक्षा असण्यासाठी लिहिली आहे. रोज इथून जाणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ती वाचता येत नाही. राजाला मुलूख राहिला नाही, पण आपण कोण हे सांगायला भिंत तरी मिळाली. एक तमिळ मुलगा थांबून तुमच्या हलणाऱ्या ओठांकडे बघतोय. तो तुम्हाला राजवाड्यातलंच माणूस समजला. नमस्कार करून पळाला.

गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या बोळात नायककालीन चित्रं आहेत, आणि त्यांच्या गिलाव्याखाली चोळांची त्याहून जुनी, त्याहून देखणी चित्रं झाकलेली आहेत. ती उजेडात यायला १९३१ पर्यंत थांबावं लागेल. आत्ता त्यांच्यावरून हात फिरवत जाणाऱ्या पुजाऱ्याला तुम्ही हे सांगू शकता. तो वटवाघळं हाकलण्यात गुंतला आहे.

बाहेर गलका वाढला. उत्सवाचे दिवस आहेत. आज अंगणातल्या चौथऱ्यावर कुरवंजी, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, व्हायची आहे. मशाली लागल्या, तेलाचा धूर डोळ्यांत जातोय, नागस्वरम् कानाशी किंचाळतंय आणि तविलचा ठोका थेट पोटात बसतोय. माणसाला माणूस चिकटलंय, कुणाचा ओला खांदा, कुणाच्या केसातलं खोबरेल. देवदासी कुरवंजी होऊन येते, टोपली कडेवर, हातात काठी, आणि राजकन्येचा हात बघून भविष्य सांगते. तिच्या गाण्यातला नायक कोण? सरफोजीराजेच. स्वतःचं कौतुक देवळात गाऊन घ्यायची हौस राजालाही चुकली नाही. पण याच राजानं मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं नाटक रचलं, आणि त्यातली भटकी बाई पृथ्वीवरचे देश गाऊन दाखवते. युरोप, आफ्रिका, अमेरिका, तालासुरात. शाळेत भूगोल असा शिकवला असता तर तुम्ही-मी आज कुठे असतो!

रात्री रायर तुम्हाला रामदासी मठात कीर्तनाला ओढून नेतो. मी खोलात जात नाही, कीर्तन तुम्ही ऐकलेलं आहे. फक्त श्रोत्यांकडे बघा. बुवा साकी-दिंडी मराठीत म्हणतात, निम्म्या लोकांना शब्द कळत नाहीत आणि माना मात्र सगळ्यांच्या डोलतात. मागच्या खांबाशी बसलेला तो तमिळ तरुण ओठांत चाल घोळवतोय. या चाली अशाच गुणगुणत पुढे तमिळ हरिकथेत जाऊन बसणार आहेत. मग ओट्यावरच झोपा. डास आहेत. उपरणं डोक्यावरून घ्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आपण निघतो. उन्हाळ्यात बैलगाड्या रात्रीच चालतात. रस्ता दक्षिणेला, रामेश्वरचा. मुक्काम ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा. हाडं खिळखिळी होतात, पेंढा टोचतो, गाडीवान आपल्याला आणि बैलांना जागं ठेवायला गात राहतो, आणि दोन्ही बाजूंची कापणी झालेली शेतं वाळलेल्या मातीचा वास सोडत असतात. आडी या तमिळ महिन्यात कावेरीला पाणी आलं की हाच मुलूख एका रात्रीत चिखल आणि बेडूक होईल. तुम्ही तीन महिने लवकर आलात.

पोचेपर्यंत मध्यरात्र. तुम्ही उपाशी आणि पुण्याच्या हिशोबानं निराश: आता कोण चूल पेटवणार? इतक्यात घंटा वाजते. ही घंटा देवाची नाही. छत्राचा नियमच असा आहे की मध्यरात्री घंटा वाजवायची आणि हाक द्यायची, कुणी जेवायचं राहिलं असेल तर या. राजांनी १८०१ मध्ये रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रं वाचवली, त्यात हे सगळं सांगितलं आहे: ब्राह्मणापासून परयापर्यंत सगळ्यांना अन्न, शिजवलेलं न खाणाऱ्याला कोरडा शिधा, पोरांना दूध, आजाऱ्याला औषध. मुलुखावरचा हक्क सोडला, यावरचा सोडला नाही.

आत धूर, घाम, उकडलेल्या भाताची वाफ. शंभरेक माणसं पानांवर. एक बैरागी पितळी कमंडलू पुढे करून शिधाच मागतोय, चूल स्वतःची मांडणार म्हणतो. कुणाचं तरी तान्हं रडतंय आणि एक जण वाटीतून दूध घेऊन आई शोधत फिरतोय. दाराशी दिव्यापाशी कारकून बसला आहे, बोरू, दौत, वाळू.

“कोठून आलांत?”

“पुण्याहून.”

तो मान वर न करता मोडीत एक ओळ ओढतो, वाळू टाकतो, झटकतो. “त्या रांगेत बसा,” म्हणतो, “आणि जरा सरकून बसा, रामेश्वराकडून अजून दोन गाड्या येतायत.”